वांग्याच्या टोपीखाली

शाळेच्या अंगणातून

शिक्षकाच्या हाती लाल लेखणी आली की तिच्याबरोबर अधिकार येतो, आणि अधिकाराच्या पाठोपाठ चूक करण्याची मुभाही येते. तीस वर्षांच्या नोकरीत या लेखणीने आम्ही किती फुल्या मारल्या असतील याची गणती नाही. त्यांतली एक फुली मात्र आमच्या पक्की स्मरणात आहे. कारण ती आम्हांला भर प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, आपल्या हाताने खोडावी लागली. ती फुली एका वांग्यापायी पडली होती.

गोष्ट २०२४ च्या जुलैतली. विज्ञान शिकविणाऱ्या बाई रजेवर होत्या. बदली शिक्षक मिळेपर्यंत आठवीचा वर्ग आम्हीच घेत होतो. आमचे शिक्षण मराठी साहित्यातले, नोकरी ग्वाल्हेरच्या शासकीय हिंदी शाळेतली, आणि शिकवायचे विज्ञान! असा त्रिवेणी संगम जुळून आल्यावर आम्ही पाठ्यपुस्तकाचा काठ घट्ट धरून चालत होतो, हे सांगणे नलगे. महिनाअखेरच्या चाचणीत आम्ही एक सरळ प्रश्न घातला : वनस्पतींना प्रकाश कशासाठी लागतो? अपेक्षित उत्तर ठरलेले होते. प्रकाशसंश्लेषण, अन्ननिर्मिती, हरितद्रव्य. बहुतेक मुलांनी ते पाठ केल्याप्रमाणे लिहिले.

एका मुलाने मात्र त्यापुढे दोन ओळी अधिक लिहिल्या होत्या. त्या हिंदीत होत्या. त्यांचा भावार्थ असा : वांग्याला जांभळा रंग येण्यासाठीही ऊन लागते. वांग्याच्या डोक्यावरची हिरवी टोपी काढली तर तिच्याखाली वांगे पांढरे असते, कारण तेथे ऊन पोचत नाही.

पुस्तकात हे नव्हते. तरी आम्ही एकदम फुली मारली नाही, एवढे श्रेय आम्ही स्वतःकडे घेतो. ती उत्तरपत्रिका बाजूला ठेवून आम्ही घरी गेलो आणि सौभाग्यवतींना म्हणालो, "अगं, जरा एक वांगे आण पाहू."

"भरली वांगी उद्या आहेत. आज कशाला?" असे म्हणत तिने टोपलीतले एक लांबट वांगे पुढे केले. आम्ही त्याची टोपी नखाने उचकटली. खाली वांगे स्वच्छ जांभळे! बाकीच्या अंगाइतकेच जांभळे. दुसरे पाहिले, तेही तसेच. आता आणखी काय प्रमाण हवे? आम्ही निःशंक मनाने त्या दोन ओळींवर फुली मारली, एक गुण कापला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते उत्तर मोठ्याने वाचूनही दाखविले. "न पाहता लिहू नये," असा उपदेशही केला. वर्ग हसला. तो मुलगा खाली मान घालून बसला.

पुढे आठ दिवस त्याने एकदाही हात वर केला नाही. हे आमच्या ध्यानात आले होते. पण मुले रुसतात आणि विसरतात, अशी आमची समजूत होती. नवव्या दिवशी सकाळी आमच्या मेजावर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले एक गोल वांगे होते. टोपी अर्धी सोलून ठेवलेली. टोपीबाहेर वांगे गर्द जांभळे, आणि टोपीखाली, टोपीच्या दातेरी कडेबरहुकूम कातरल्यासारखे, पांढरे शुभ्र. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठीची गरजही नव्हती.

चौकशीअंती कळले की त्या मुलाच्या वडिलांची शहराबाहेर भाजीची वाडी आहे आणि हा पहाटे तोडणीला हात लावून मग शाळेत येतो. ज्याला आम्ही "न पाहता लिहू नये" असे सुनावले, त्याने आमच्यापेक्षा हजारपटीने अधिक वांगी पाहिली होती.

पण मग आमच्या घरचे वांगे? तेही तर आम्ही याच डोळ्यांनी पाहिले होते. हा पेच आम्ही कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांपुढे ठेवला. ते मिस्कील हसून म्हणाले, "हेडमास्तर, मुलगा बरोबर आहे आणि तुमचे वांगेही बरोबर आहे. चुकले ते फक्त तुमचे अनुमान. एका वांग्यावरून तुम्ही सगळ्या वांग्यांचा निकाल लावलात." त्यांनी त्या संध्याकाळी जे समजावले आणि नंतर आम्ही जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी आजचा हा लेखनप्रपंच.

वांग्याच्या सालीतला जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यसमूहातला आहे. हे नाव मार्क्वार्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये दिले. ग्रीक भाषेत 'अँथोस' म्हणजे फूल आणि 'क्यानोस' म्हणजे निळा. जांभूळ, काळी द्राक्षे, लाल कोबी, डाळिंबाचे दाणे आणि गोकर्णीचे फूल या सर्वांचा रंग याच घराण्यातला. वनस्पतींतील रंगद्रव्यांवरील कार्याबद्दल रिचर्ड विल्श्टेटर यांना १९१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या फुलांच्या रंगांचाही त्यांनी मोठा अभ्यास केला. वांग्याच्या सालीतले खास अँथोसायनिन वेगळे काढले ते मात्र जपानमध्ये, चिका कुरोदा या विदुषीने, १९३० च्या दशकात. जपानीत वांग्याला 'नासू' म्हणतात, म्हणून त्या द्रव्याचे नाव 'नासुनिन' पडले. या कुरोदाबाई १९१६ मध्ये जपानमधील पहिल्या विज्ञान पदवीधर स्त्रिया ठरल्या. मुलींच्या पालकांनी हे नाव लक्षात ठेवावे, अशी आमची शिफारस आहे.

आता प्रकाशाचा यात संबंध कसा येतो ते पाहू. आमचा प्रथम असा ग्रह झाला होता की जसे प्रकाशातून अन्न तयार होते, तसाच प्रकाशातून रंगही तयार होत असावा. तसे नाही. रंग करण्याचा कच्चा माल निराळाच आहे. फेनिलअॅलॅनिन नावाचे एक अमिनो आम्ल वनस्पतीच्या पेशीत असते. त्यापासून एकामागून एक अशा अनेक पायऱ्यांनी अँथोसायनिन तयार होते, आणि प्रत्येक पायरीवर एक एक विकर कामाला असते. एखाद्या रंगाऱ्याच्या कारखान्यात एकाने दळावे, दुसऱ्याने चाळावे, तिसऱ्याने खलावे, तसा हा प्रकार. प्रकाश हा या कारखान्यातला माल नव्हे. कारखाना सुरू करण्याची ती आज्ञा आहे.

ही आज्ञा वाचण्यासाठी वनस्पतीच्या पेशीत निरनिराळे ग्राहक असतात. फायटोक्रोम लाल प्रकाश ओळखतो, क्रिप्टोक्रोम निळा प्रकाश ओळखतो, आणि आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांसाठीही स्वतंत्र ग्राहक आहेत. अंधारात 'सीओपी१' नावाचे एक प्रथिन पहाऱ्यावर असते. रंगाच्या जनुकांना जागे करणारी 'एचवाय५' यांसारखी प्रथिने तयार झाली की हा पहारेकरी त्यांच्यावर नाशाची खूण करतो आणि पेशी त्यांचा निकाल लावते. त्यामुळे कारखान्याचे दार बंदच राहते. उजेड पडला की ग्राहक जागे होतात आणि पहारेकऱ्याला आवरतात. मग जागविणारी प्रथिने साचू लागतात, रंगाची जनुके कामाला लागतात, विकरे तयार होतात आणि सालीत जांभळा रंग भरू लागतो. टोपीखाली उजेड पोचत नाही, म्हणून तेथे पहारा उठत नाही, म्हणून तेथे वांगे पांढरे. आठवीतल्या त्या मुलाने दोन ओळींत लिहिले होते ते हेच.

आणि आमचे लांबट वांगे? वांग्याच्या काही जातींत रंगाचा कारखाना प्रकाशाच्या आज्ञेवाचूनही चालतो. त्यांच्यात आनुवंशानेच असा काही बदल झालेला असतो की टोपीखालच्या अंधारातही रंग तयार होतो. शास्त्रज्ञ वांग्यांचे या दृष्टीने दोन वर्ग करतात : प्रकाशावलंबी आणि प्रकाशनिरपेक्ष. त्या मुलाच्या वाडीतले गोल वांगे पहिल्या वर्गातले, आमच्या टोपलीतले लांबट वांगे दुसऱ्या वर्गातले. म्हणून कोणी सगळीच लांब वांगी एका वर्गात आणि सगळीच गोल वांगी दुसऱ्या वर्गात घालू नयेत. तसे केल्यास आमचीच चूक पुन्हा होईल. आकार निराळा, आणि हा गुण निराळा.

एवढे ऐकून आमचे समाधान झाले. पण मुलांचे समाधान ऐकीव गोष्टींनी करणे आता आम्हांला प्रशस्त वाटेना. ऑगस्टमध्ये शाळेच्या मागील अंगणात दोन वाफे केले. एका वाफ्यात त्या मुलाच्या वडिलांनी दिलेली गोल वांग्यांची रोपे, दुसऱ्यात त्यांनीच शेजारच्या वाडीतून मिळवून दिलेली लांबट वांग्यांची रोपे. ऑक्टोबरात फळे धरली. फळ गोटीएवढे असतानाच दोन्ही वाफ्यांतील काही फळांना मुलांनी दुहेरी काळ्या कापडाच्या पिशव्या सैलशा बांधल्या आणि काही फळे तुलनेसाठी मोकळी ठेवली. ज्याने हा प्रश्न निर्माण केला, त्यालाच आम्ही वहीत नोंदी ठेवण्याचे काम दिले. त्याने "हो सर" म्हटले, पण आमच्याकडे पाहिले नाही.

पंधरा दिवसांनी पिशव्या सोडल्या. लांबट वाफ्यातली पिशवीतली वांगी किंचित फिकट, तरी जांभळीच होती. गोल वाफ्यातली पिशवीतली वांगी मात्र कोंबडीच्या अंड्यासारखी पांढरी! मुलांनी जो गलका केला तो ऐकून शेजारच्या वर्गांतील शिक्षकही बाहेर आले. त्यांतील एका पांढऱ्या वांग्यावर मुलांनी विजेच्या तारांना लावतात ती काळी चिकटपट्टी कापून 'ब' हे अक्षर चिकटविले. 'बैंगन'मधला 'ब'. मग सर्व वांगी उन्हात मोकळी सोडली. तिसऱ्या दिवशी त्यांवर फिकट जांभळी छटा आली, आठवड्याभरात ती गडद झाली. पट्टी सोलून काढली तर जांभळ्या अंगावर पांढरा 'ब' उमटलेला. जपानमध्ये सफरचंदांवर अशाच रीतीने शुभाक्षरे आणि नक्षी उमटवून ती फळे विकतात. आधी पिशवी घालून सफरचंद फिके ठेवायचे, मग अक्षराचा कागद चिकटवून त्याला ऊन दाखवायचे.

पट्टी आधीच रंगलेल्या वांग्यावर लावून भागत नाही, हेही मुलांना त्याच वेळी कळले. एकीने ती मोकळ्या, जांभळ्या झालेल्या वांग्यावर लावून पाहिली. आठवड्यानंतरही खाली काही फरक दिसेना. एकदा भरलेला रंग उजेड गेला म्हणून लगेच उडून जात नाही. उजेड लागतो तो रंग तयार होताना.

त्या नोंदवहीत आम्हांला आणखी एक गोष्ट सापडली, जी आम्ही सांगितली नव्हती. मुलाने लिहिले होते की वाढत्या वांग्याच्या टोपीला लागून बाहेर एक फिकट कडे दिसते, आणि वांगे तोडणीला येत गेले की ते कडे अरुंद होते. वडील ते पाहून तोडायचे की ठेवायचे ते ठरवितात. स्नेह्यांनी याचा उलगडा केला. वांगे वाढते ते टोपीच्या बाजूने. नवी साल टोपीखालून बाहेर सरकते तेव्हा पांढरी असते आणि एखाददुसऱ्या दिवसात उन्हाने रंगते. वाढ वेगात असेल तर नव्या सालीचे कडे रुंद, वाढ मंदावली की कडे अरुंद. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे डोळ्यांनी वाचले, त्याचा अर्थ हा असा आहे.

हीच गोष्ट आपल्या बाजारात इतरत्रही दिसते. आपल्या भागात हिवाळ्यात शलजम येतो. त्याचा मातीवर डोकावणारा खांदा जांभळा असतो आणि मातीतले अंग पांढरे. माती चढविली तर खांदाही पांढराच राहतो. जपानमधील त्सुदा या जातीच्या शलजमावर केलेल्या प्रयोगांत अतिनील किरणांच्या एका विशिष्ट पट्ट्याने हा रंग उत्पन्न होतो, असे दिसून आले. अतिनील किरण अडविणाऱ्या प्लास्टिकच्या छताखाली तेथे वांगी लावली तेव्हा ती फिकट निपजली, हा अनुभवही तेथील शेतकऱ्यांनी घेतला आहे. नुसता उजेड असून भागत नाही. कोणता उजेड, हेही पाहावे लागते.

याच्या उलट काळे गाजर पाहा. ज्याची कांजी उत्तरेत होळीच्या सुमारास घालतात, ते गाजर जन्मभर मातीच्या अंधारात राहते आणि तरी आतपर्यंत जांभळे असते. जांभळ्या रताळ्याचेही तसेच. त्यांचा रंगही अँथोसायनिनचाच. पण त्यांच्यात कारखाना उजेडाच्या आज्ञेची वाट पाहत नाही. बीटरूट मात्र या चर्चेत आणू नये. त्याचा रंग बीटालेन या निराळ्या घराण्यातला आहे. लाल माठही त्याच कुळातला. आणि निसर्गाची गंमत अशी की ज्या वनस्पती बीटालेन करतात त्या अँथोसायनिन करीत नाहीत. एका घरात या दोन रंगांचा संसार आढळत नाही.

प्रकाशाइतकीच उष्णताही या रंगावर परिणाम करते. पण उलट दिशेने. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेव्हा ऊन मुबलक असूनही वांगी फिकी, मळकट दिसतात. कारण अति उष्णतेत अँथोसायनिनची निर्मिती मंदावते. स्वच्छ ऊन आणि माफक थंडी असा योग आला की वांग्यांवर खरी झळाळी येते. भाजीवाल्याच्या टोपलीतला रंग हा असा ऋतूचा हिशेब असतो.

वनस्पती हा सारा खटाटोप कशासाठी करते? या रंगाचा एक उपयोग छत्रीसारखा आहे. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते हे सर्वांनी पाहिले आहे. कोवळ्या पेशींना प्रखर ऊन सोसत नाही. हे रंगद्रव्य काही प्रकाश स्वतः शोषून घेते आणि त्यांना झळ लागू देत नाही. जेथे ऊन, तेथे छत्री उघडायची. टोपीखालच्या सावलीत छत्रीचा खर्च कशाला करायचा? प्रकाशावलंबी वांग्याचा व्यवहार असा काटकसरी गृहस्थाचा आहे.

आता गृहिणींसाठी दोन शब्द. हा रंग केवळ सालीत असतो, म्हणून वांगे सोलले की तो कचऱ्याच्या टोपलीत जातो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून उकडलेल्या भाजीच्या पाण्यात उतरतो. तेलात परतलेल्या वांग्यात बराचसा टिकतो. आंबट पदार्थाने तो तांबडा झुकतो, म्हणून चिंच किंवा आमसूल घातलेल्या भाजीत साल तांबूस दिसते. सोड्याने तो निळा-हिरवा होतो. लोखंडाशी नासुनिनची गाठ पडली की निळसर रंग पक्का होतो. जपानी गृहिणी वांग्याचे लोणचे मुरवताना त्यात लोखंडी खिळा किंवा तुरटी टाकतात ती याचसाठी. चिरलेल्या वांग्याचा गर काळा पडतो, त्याचा मात्र या रंगाशी संबंध नाही. ती हवेशी होणारी निराळी क्रिया आहे.

असो. राहिली ती फुली.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, प्रार्थना झाल्यावर, आम्ही त्या मुलाला व्यासपीठावर बोलाविले. त्याची जुलैतली उत्तरपत्रिका आमच्या हाती होती आणि 'ब' उमटलेले वांगे त्याच्या हाती दिले होते. आम्ही सांगितले की या उत्तरावर आम्ही फुली मारली, ती चूक होती. ते उत्तर आम्ही वर्गात वाचून दाखविले आणि वर्गाला हसू दिले, ती त्याहून मोठी चूक होती. लाल लेखणीने आम्ही फुली खोडली, शेजारी बरोबरची खूण केली आणि एकूण सतरा गुणांचे अठरा केले. चाचणीच्या गुणांना त्या वेळी तसे काही महत्त्व उरले नव्हते. तरी आकडा बदलताना आमचा हात किंचित थरथरला, हे येथे कबूल करतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला पाचशे मुलांसमोर चुकलो म्हणणे वाटते तितके सोपे नसते.

आमची अपेक्षा होती की मुलगा आनंदेल, निदान हसेल. तो वांगे हातात फिरवीत उभा राहिला आणि मग ध्वनिक्षेपकापासून तोंड वळवून, फक्त आम्हांला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "सर, लंबे वाला भी तो सही था."

म्हणजे, तुमचे लांबट वांगेही खोटे बोलत नव्हते, सर. आम्ही त्याला चूक ठरविताना आमच्या वांग्याचा दाखला दिला होता. त्याने स्वतः बरोबर ठरल्यावर आमच्या वांग्याची बाजू घेतली. विज्ञानाची वृत्ती म्हणजे काय, हे आम्ही अनेक भाषणांतून मुलांना सांगितले आहे. त्या दिवशी ती आम्हांला प्रथमच प्रत्यक्ष भेटली.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या तासाला चार महिन्यांनी त्याचा हात वर झाला. प्रश्न वांग्याचा नव्हता, मुळ्याचा होता.

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. या रविवारी वांगी चिरण्यापूर्वी मुलांना स्वयंपाकघरात बोलवा आणि प्रत्येक वांग्याची टोपी त्यांच्याकडूनच उचकटवून घ्या. एखादे खाली पांढरे निघेल, एखादे जांभळे. दोन्ही ताटात बाजूबाजूला ठेवा, आणि का, हे मुलांना आधी सांगू द्या. त्यांचे उत्तर पुस्तकात नसेल तर लगेच लाल लेखणी उचलू नका. आधी बाजारातून आणखी चार वांगी आणा.